आडवा सात, घरं दोन

मावशी: या रविवारचं शब्दकोडं ग्रुपवर टाकलंय. जोडाक्षर एकाच घरात, काना-मात्रा-अनुस्वार अक्षराबरोबर. दर वेळी सांगावं लागतं ते कोणासाठी, त्याला माहीत आहे.

दादा: मी अजून काही बोललोही नाही.

मावशी: आता बोलशील.

वहिनी: आडवा ७, ‘सजीवांचं प्रजनन (२)’. एवढंच? जरा इशारा तरी द्या.

दादा: जनन!

मी: ज, न, न. तीन झाली रे.

दादा: दोन न एकाच घरात?

मावशी: बघा.

काका: वेत. डोळे झाकून लिहा.

चिंगी: मी पण वेतच लिहिलं! उभा ४ पण जुळतोय, ‘सबब (३)’ म्हणजे निमित्त.

मावशी: निमित्तच्या शेवटी त्त आहे, वेतच्या शेवटी त. एका घरात दोन्ही कसे राहतील?

चिंगी: त्त मध्ये त असतोच की आजी.

मावशी: असतो, पण चालत नाही. सबब म्हणजे कारण. आता ण वर संपणारं सांगा.

मी: वीण.

मावशी: बरोबर.

काका: कसलं बरोबर? वीण पाखरांची. पक्षी बघणारे म्हणतात ना, विणीचा हंगाम. गोठ्यात येऊन ‘म्हशीची वीण कधी’ विचारलंत तर मी तुमच्या तोंडाकडे बघत राहीन. आमच्याकडे म्हैस माजावर येते, फळते, गाभण राहते, मग व्याते. आणि किती वेळा व्याली ते वेतावर मोजतात. घेणारा पहिलं तेच विचारतो, कितव्या वेताची? पहिल्या वेताला दूध बेताचंच, तिसऱ्या-चौथ्याला भरात येतं. परवाचीच गोष्ट. माझी तिसऱ्या वेताची रात्री दोनला व्याली आणि जार पडायला उजाडलं. तोवर मी कंदिलासारखा तिथे उभा. तिला वीण म्हणू?

वहिनी: जार म्हणजे वार ना, पिलामागून पडते ती?

काका: तेच. कोणी जार म्हणतं, कोणी वार.

नाना: पोथ्यांत चार खाणी सांगितल्यात, त्यातला जारज या जारेतलाच. अंडज अंड्यातून, जारज जारेतून, स्वेदज घामातून, उद्भिज जमीन फोडून. सगळी जीवसृष्टी या चारांत बसवलेली. जरायुज म्हटलं की शास्त्रातला वाटतो इतकंच, माणूस तोच.

मावशी: नाना, जारज कोड्यात घ्यायचं म्हणून मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. कोशात दुसरा अर्थ पण आहे, जारापासून म्हणजे परपुरुषापासून झालेला. सकाळी चहाबरोबर कोडं सोडवणाऱ्याला कुठला अर्थ आधी आठवेल, भरवसा नाही.

दादा: मग पैदास?

मावशी: तीन घरं. शिवाय जनावराबद्दल बोललास तर शास्त्र, माणसाबद्दल बोललास तर शिवी.

चिंगी: आजी, क्लूच चूक आहे. सजीवांचं म्हटलंय. अमीबा पण सजीव आहे, त्याचं द्विविभाजन होतं. यीस्टचं कलिकायन, म्हणजे अंगावर कळी फुटते. पानफुटीच्या पानाच्या कडेलाच नवीन रोपं येतात, ते शाकीय प्रजनन. यांची कुठे वीण असते? परवा पेपरात लिहून आलेय.

काका: शाब्बास पोरी.

चिंगी: आणि विंचू कुठल्या खाणीत, नाना? अंडज?

नाना: किडा म्हणजे अंडज किंवा स्वेदज, असंच धरत असणार.

मी: विंचवी अंडी घालत नाही, थेट पिलांनाच जन्म देते. जन्मली की पिलं आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच असतात.

नाना: अरेच्चा. म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते बघूनच म्हटलेलं दिसतंय. मी इतकी वर्षं नुसतं बदल्या होणाऱ्या माणसांना लावत आलो.

(गोठ्यात वीण म्हणत नाहीत हे काकांचं म्हणणं मला पटलं होतं, पण ग्रुपवर मावशीच्या विरोधात पहिलं कोण बोलणार?)

वहिनी: माझी पण तक्रार लिहून घ्या. मागच्या कोड्यात प्रसूतिगृह होतं. मी ती दीर्घ लिहिली तर मावशींनी अर्धा मार्क कापला. एकटं असताना प्रसूती दीर्घ लिहायची, मग गृहात गेल्यावर ऱ्हस्व का?

नाना: संस्कृतातून आलेला ऱ्हस्व इकारान्त शब्द मराठीत सुटा लिहिला की शेवट दीर्घ. समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व. बुद्धी, पण बुद्धिबळ. तसंच प्रसूती, प्रसूतिगृह. वीणमध्ये पण गंमत आहे. वीण लिहिताना दीर्घ, ‘विणीचा’ म्हटलं की लगेच ऱ्हस्व. फूल-फुलाचा, तसंच.

वहिनी: मार्क परत मिळणार की नाही तेवढं सांगा.

मावशी: नाही.

मावशी: आडवा ७ मात्र चुकला, मान्य. सजीवांचं म्हणायला नको होतं. वेत गाईम्हशींचं, वीण पाखरांची, बाई बाळंत होते, कुत्री व्याते, आणि प्रजनन सगळ्यांचं, पण ते चार घरांचं आणि कोणी बोलताना वापरत नाही. नवीन क्लू द्या कोणीतरी. शब्द तोच ठेवणार, नाहीतर कारण मोडतं.

दादा: ‘पक्ष्यांचं प्रजनन (२)’.

मावशी: हे कोडं आहे की फॉर्म भरायचाय?

वहिनी: मी सांगू? स्वेटर घेऊनच बसलेय. ‘सुयांवरची उसवते, घरट्यातली उडून जाते (२)’.

काका: उडतात ती पिलं. वीण कशी उडेल?

वहिनी: बरं. ‘पाखरांची हंगामात, सुयांची कधीही (२)’.

काका: हां, हे चालेल.

नाना: दोन शब्द, एकच रूप. एक व्यायल्यातून आला, दुसरा विणण्यातून. छान.

मावशी: घेतलं. आडवा ७ बदललाय, सगळ्यांनी जुना खोडा.

चिंगी: मी पेनाने लिहिलंय.