कानातील मळ, दडा बसलेला कान आणि जवळचा दवाखाना : विदर्भातील गावांमधून आलेले अनुभव

कानात दडा बसला, गुणगुण ऐकू येऊ लागली किंवा एका बाजूने ऐकणे मंद झाले, की तालुक्याच्या गावापासून आत राहणाऱ्या माणसापुढे सहसा तीन मार्ग असतात: घरातील तेलाची बाटली, आठवडी बाजारात बसणारा कान कोरून देणारा माणूस आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा नाक-कान-घसा तज्ज्ञ. या तिन्हींच्या मधे असलेले ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आपण किंवा आपल्या घरातील माणसाने कान कोठे दाखवला, तेथे आधी काय विचारले, मळ कसा काढला आणि त्यापूर्वी कोणी काय करून पाहिले होते, हे सविस्तर लिहावे. खासगी डॉक्टरांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक कृपया लिहू नयेत.

मळ हा आजार नव्हे, एवढे आधीच नोंदवतो. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि मळ तिच्या फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागात तयार होतो. तो धूळ आणि जंतू अडवतो, आणि नळीची त्वचा आतून बाहेर सरकत असल्यामुळे, तसेच चावताना जबडा हलत असल्यामुळे, बहुतेकांचा मळ आपोआप बाहेर पडतो. त्यामुळे पडद्याजवळ मळाचा गोळा सापडला, तर तो बहुधा काडीने, पिनेने किंवा कापसाच्या बोळ्याने कोणीतरी आत ढकललेला असतो. ऐकू कमी येत असेल, दुखत असेल, किंवा डॉक्टरांना पडदा पाहायचा असेल, तेव्हाच तो काढावा लागतो.

समुद्रपूर तालुका, निवृत्त मुख्याध्यापक

मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र वापरतो. गेल्या उन्हाळ्यात उजव्या यंत्रातून सारखी शिट्टी येऊ लागली आणि ज्या दुकानातून यंत्र घेतले होते तेथील माणसाने यंत्र जुने झाले असून नवे घ्यावे लागेल असे सांगितले. रक्कम मोठी होती, म्हणून मुलाने आधी कान दाखवण्याचा आग्रह धरला आणि आम्ही सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरांनी यंत्राला हातही लावला नाही; त्यांनी दिव्याचे छोटे उपकरण कानात धरून पाहिले आणि नळी पूर्ण भरली असल्याचे सांगितले. यंत्रातून निघालेला आवाज मळावर आदळून परत मायक्रोफोनकडे येतो आणि त्याचीच शिट्टी होते, हे त्यांनी सहायकाला शिकवता शिकवता मलाही समजावले. शिक्षक असल्यामुळे मला ते फार आवडले.

मळ दगडासारखा कडक होता, म्हणून त्याच दिवशी तो काढला नाही. सोडियम बायकार्बोनेटचे थेंब देऊन, कुशीवर निजून ते टाकायचे आणि काही मिनिटे तसेच पडून राहायचे, असे काही दिवस करून मग यायला सांगितले. थेंब टाकल्यावर मळ फुगतो आणि ऐकू येणे आणखी कमी होते, त्याने घाबरू नका, असेही त्यांनी बजावले होते. तसेच झाले. पुढच्या खेपेला सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीने मळ ओढून काढला. कानात पंप सुरू केल्यासारखा मोठा आवाज होतो, पण दुखत नाही. ट्रेमध्ये जे पडले ते पाहून सूनबाईंनी तोंड फिरवले: तपकिरी-काळा, हरभऱ्याएवढा गोळा, आणि त्यात कापसाचा एक लांब धागा गुंतलेला. जुने यंत्र आजही उत्तम चालू आहे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी कान वेळोवेळी तपासून घ्यावेत, कारण यंत्राचा साचा मळाला बाहेर पडू देत नाही.

दारव्हा तालुका, गृहिणी आणि बचत गटाच्या सचिव

माझ्या सासऱ्यांचा डावा कान लहानपणी वाहायचा. पुढे तो थांबला आणि सगळे विसरून गेले. दोन वर्षांपूर्वी त्या कानाने अगदीच ऐकू येईना, म्हणून आम्ही एका खासगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कानात ओझरते पाहिले, भरपूर मळ असल्याचे सांगितले आणि पिचकारीने पाणी मारण्याची तयारी सुरू केली. त्यांनी काही विचारलेच नव्हते. तेवढ्यात सासूबाई दारातून बोलल्या, ‘यायचा तो कान लहानपनी लय वाहे.’ डॉक्टर थांबले आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा असे चिठ्ठीवर लिहून दिले.

तेथे पाणी अजिबात वापरले नाही. आकडीसारख्या बारीक साधनाने आणि हवेने ओढणाऱ्या नळीने मळ कोरडाच काढला, आणि मागे पडद्याला छिद्र असल्याचे दिसले. त्या छिद्रातून पाणी मध्यकर्णात गेले असते, तर जंतुसंसर्ग होऊन कान पुन्हा वाहू लागला असता, असे तेथील डॉक्टर म्हणाले. आता आंघोळीच्या वेळी सासरे व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवतात आणि नंतर काढून टाकतात. ज्यांचा कान कधी वाहिला असेल, ज्यांची कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा ज्यांना एकाच कानाने ऐकू येते, त्यांनी कोणी विचारले नाही तरी आपणहून सांगावे. अशा कानात पिचकारीचे पाणी मारू नये.

वर्धा जिल्हा, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका

दारव्ह्याच्या ताईंनी लिहिले ते वाचून पिचकारीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पाण्याने कान धुणे ही वाईट पद्धत आहे असा समज होऊ नये. पडदा शाबूत असेल आणि संसर्ग नसेल, तर ती जुनी आणि चांगली पद्धत आहे, मात्र ती नीट करावी लागते.

पाणी शरीराच्या तापमानाचे, म्हणजे सुमारे 37 अंश सेल्सिअसचे घ्यावे लागते. थंड किंवा गरम पाणी आतल्या तोलाच्या अवयवाला चाळवते आणि माणूस खुर्चीतच गरगरू लागतो, त्याला उलटीही होते. आम्ही मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढतो, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. पाण्याची धार नळीच्या वरच्या मागच्या भिंतीवर सोडतो, पडद्यावर कधीच नाही. पाणी मळाच्या मागे जाऊन त्याला बाहेर लोटते. काही रुग्णांना कानाला हात लागताच खोकला येतो. नळीतल्या एका नसेचा संबंध घशाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेशी असल्यामुळे तसे होते, त्यात भिण्यासारखे काही नाही. दुखले तर मात्र लगेच हात वर करावा, आणि आम्ही थांबलेच पाहिजे.

मधुमेह असलेल्यांनी ते आधी सांगावे. अशा रुग्णांच्या नळीला ओरखडा पडून ओल राहिली, तर संसर्ग हाडापर्यंत जाण्याचा धोका असतो.

खर्चाबद्दल पुष्कळांना कल्पना नसते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचे उपचार नि:शुल्क आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वेगळ्या विभागाकडे असल्यामुळे तेथे केसपेपरचे शुल्क लागते. आमच्याकडे नाक-कान-घसा तज्ज्ञ रोज नसतात, पण वैद्यकीय अधिकारी कान तपासू शकतात. साधा मळ असेल तर तो येथेच निघतो, आणि नसेल तर कोठे जायचे याची चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी आणि जुने कागद बरोबर असले, की पुढच्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावे लागत नाही.

धारणी तालुका, अंगणवाडी सेविका

लहान मुलांच्या कानात मळापेक्षा दाणे जास्त सापडतात, असे मी हसत हसत म्हणते, पण त्यात तथ्य आहे. आमच्या अंगणवाडीतील एका मुलाने तुरीचा दाणा कानात घातला होता आणि त्याचे काका पेल्यातून पाणी ओतून तो काढायच्या तयारीत होते. मी त्यांना हात धरून थांबवले, कारण दाणा पाण्याने फुगतो आणि नळीत आवळून बसतो. उपजिल्हा रुग्णालयात मुलाला आईच्या मांडीवर घट्ट धरून डॉक्टरांनी आकडीने दाणा मागून पुढे ओढला. चिमट्याने गोल वस्तू पकडायला गेले तर ती निसटून आत जाते, असे त्यांनी सांगितले. किडा गेला असेल तर उलट आधी कोमट तेलाचे थेंब टाकून त्याला मारतात आणि मग काढतात, पण कान वाहत असेल तर तेही करायचे नसते. घड्याळातील किंवा खेळण्यातील चपटी बॅटरी कानात गेली, तर काहीही न टाकता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. ती काही तासांत आतली त्वचा जाळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येते, तेव्हा ज्या मुलाला हाक ऐकू येत नाही असे वाटते त्याचे नाव आम्ही आधीच काढून ठेवतो. त्यातील काहींच्या कानात फक्त मळ असतो, आणि तो निघाल्यावर तेच मूल गाण्यात सगळ्यांत मोठ्याने ओरडते.

चांदूर बाजार तालुका, शेतकरी

सोयाबीनच्या मळणीनंतर कुटाराची धूळ कानात जाते आणि कान खाजतात, म्हणून आमच्याकडे आजही लसूण घालून कडकडीत केलेले तेल कानात सोडतात. माझ्या आजीने आयुष्यभर हेच केले आणि तिचे कान नव्वदीतही तल्लख होते. सगळेच जुने उपाय चुकीचे ठरवू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

*(संयोजक: दादा, तेल मळाला मऊ करते हे खरेच आहे. ऑलिव्ह किंवा बदामाचे तेल डॉक्टरही सुचवतात. मात्र ते खोलीच्या तापमानाचे, दोन-चार थेंब आणि पडदा शाबूत असलेल्या कानातच टाकावे. कडकडीत तेलाने नळी आणि पडदा भाजतो. पावसाळ्यात सतत तेल घातलेल्या ओलसर कानात बुरशी होते, आणि तिची खाज पुन्हा मळाची खाज समजून आणखी तेल घातले जाते. कानात मेणबत्तीसारखी नळी लावून पेटवण्याचा जो प्रकार विकला जातो, त्याने मळ निघत नाही. नळीत उरलेली राख मळ म्हणून दाखवतात.)*

खामगाव तालुका, महाविद्यालयीन विद्यार्थी

मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आणि चमचा ऑनलाइन मागवून माझे मित्र एकमेकांचे कान कोरतात. मोबाइलच्या पडद्यावरील चित्रात खोली कळत नाही, त्यामुळे चमचा कानाच्या पडद्यापासून किती दूर आहे ते दिसत नाही. एका मित्राच्या नळीतून रक्त आल्यावर आमच्या वसतिगृहातील हा उद्योग बंद पडला.

आरमोरी तालुका, शिवणकाम करणारी महिला

माझा अनुभव मळाचा नाही, तरी तो येथे लिहावा असे संयोजकांनी सुचवले. एका सकाळी उठले तेव्हा डाव्या कानाला दडा बसला होता आणि आत शिट्टी वाजत होती. कान दुखत नव्हता, वाहत नव्हता. औषध दुकानदाराने मळ असेल म्हणून थेंब दिले. आमच्या गटातील आशाताईंनी मात्र विचारले, ‘हळूहळू झालं का एकदम?’ एकदम झाले म्हटल्यावर त्यांनी थेंबांची बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मला गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात नेले.

डॉक्टरांनी कानात पाहिले तर नळी स्वच्छ होती. मग त्यांनी दोन दांड्यांचा एक चिमटा आपटून तो माझ्या कपाळाच्या मधोमध ठेवला आणि आवाज कोणत्या बाजूला येतो असे विचारले. आवाज चांगल्या, उजव्या कानात येत होता. मळाने कान बंद असता, तर तो आवाज बंद कानात जास्त आला असता. चांगल्या कानात येतो म्हणजे बिघाड आतल्या नसेत आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, पाठवले. तेथे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, झाली आणि स्टेरॉइडचा उपचार सुरू झाला. हा उपचार जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांतच, सुरू होईल तितका त्याचा उपयोग होतो. महिनाभर मळाचे थेंब टाकत बसलेले रुग्ण उशिरा येतात, अशी तेथील डॉक्टरांची तक्रार होती. माझे ऐकणे बरेचसे परत आले आहे. फोन मात्र अजून उजव्याच कानाला लावते.

संयोजकांकडून

आणखी अनुभव येऊ द्यावेत. एक विनंती आहे: आपल्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नाक-कान-घसा तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात आणि नोंदणी किती वाजेपर्यंत होते, हे कळवावे. भामरागड, एटापल्ली, चिखलदरा आणि धारणी या भागांतील माहिती अद्याप फार थोडी आहे, आणि तेथून चुकीच्या वारी निघालेल्या माणसाचा अख्खा दिवस जातो. वार बदलतात, म्हणून आपण शेवटचे केव्हा गेला होतात तो महिनाही लिहावा.