पोकरमध्ये ‘जागा’ म्हणतात ती नक्की कुठली?

गोदाकाठचा:
मंडळी, आमचा सहा जणांचा अड्डा आहे. दर शनिवारी रात्री गच्चीवर. वर्षानुवर्षं तीनपत्ती खेळलो, गेल्या दिवाळीपासून पोकर (टेक्सास होल्डेम) सुरू केलंय. पैसे लावत नाही. ज्याच्या चिप्स आधी संपतील त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ चारायची. गेल्या नऊ रविवारांत सहा मिसळी माझ्या खिशातून गेल्यात.

पानं वाईट येतात म्हणावं तर तसंही नाही. राजा-गुलाम, एक्का-दश्शी, बरी येतात. मी लावतो, मागून कोणीतरी वाढवतो, आणि मग मी नुसता आढ्याकडे बघत बसतो. ऑफिसातला एक जण म्हणाला, “पानांपेक्षा पोझिशन बघ, जागा महत्त्वाची.” म्हणून परवा तोंड पूर्वेला करून बसलो. हसू नका. तरी हरलोच.

आमची पद्धत अशी: ब्लाइंडची (वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पानं बघण्याआधीच चिप्स लावायच्या, पहिल्याने छोटा म्हणजे अर्धा, दुसऱ्याने मोठा) भानगड नको म्हणून तीनपत्तीसारखा सगळ्यांकडून सारखाच बूट. पत्ते कायम आमचे मेव्हणे पिसतात आणि वाटतात, त्यांचा हात बसलाय. मी त्यांच्या डावीकडे, कारण फोन चार्जिंगला लावायचा बोर्ड तिथेच आहे. बोलायला सुरुवात वाटणाऱ्याच्या डावीकडून.

कोणी नीट समजावेल का?

इस्पिकचा_गुलाम:
जागा-बिगा सब झूट. पानं आली की खेळायचं, नाही आली की टाकायची. नशीब नसेल तर मिसळ चारा, पुण्य लागेल.

बोटीवरचा:
गोदाकाठचे, दुखणं काय ते तुम्हीच लिहून बसलात, मेव्हण्यांच्या ओळीत!

मी मूळचा कुडाळचा. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर सात वर्षं पत्ते वाटले, त्यातली चार पोकरच्या टेबलावर. आमच्याकडे डीलर खेळत नाही, नुसता वाटतो. म्हणून खेळणाऱ्यांपुढे एक पांढरी चकती ठेवतात, तिला बटण म्हणतात. ज्याच्यापुढे बटण, तो ‘वाटणारा’ धरायचा. डाव संपला की मी ती चकती एक माणूस डावीकडे सरकवायचो. जागा म्हणतात ती हीच, बटणापासून तुम्ही कितवे. खुर्ची तीच राहते, जागा दर डावाला बदलते.

बटणवाला फ्लॉप (मधे सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं), टर्न (चौथं पान), रिव्हर (पाचवं) तिन्ही वेळा शेवटी बोलतो. तोवर बाकीच्यांनी काय केलं ते त्याने पाहिलेलं असतं. कोण पटकन चेक (म्हणजे काही न लावता थांबतो) म्हणाला, कोणी चिप्सना हात लावून मागे घेतला, सगळं. बटणाच्या डावीकडच्याला यातलं काहीच दिसत नाही. तुमच्या अड्ड्यावर बटण फिरतच नाही. मेव्हणे जन्माचे शेवटी आणि तुम्ही जन्माचे पहिले! त्यात तुमच्याकडे ब्लाइंड नाहीत, म्हणजे फ्लॉपच्या आधीसुद्धा पहिले तुम्हीच. मला तर नवल वाटतं की नऊपैकी तीन मिसळी दुसऱ्यांनी दिल्या कशा.

तुमचा राजा-गुलामच घ्या. या पानांचा काळ कोण? एक्का-राजा, एक्का-गुलाम, राजा-राणी आणि एक्के, राजे, राण्या, गुलाम यांच्या जोड्या. एका माणसाकडे यातलं काही असण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आत. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तुमच्या मागे पाच जण बोलायचे आहेत, म्हणजे शंभरात वीस वेळा कुणाकडे तरी ते बसलेलं असतं. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्याच्या मागे आठ, तिथे ते तीसवर जातं. बटणावर असाल आणि आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली असतील, तर मागे उरतात दोघे ब्लाइंडवाले. मग शंभरात नऊ वेळासुद्धा नाही. पानं तीच, पण बटणावर मी ती खेळीन आणि पहिल्या जागेवर निमूट टाकीन.

एक डाव अजून डोळ्यांपुढे आहे. सुरतेकडचे एक शेठ बटणावर, हातात किलवरची नव्वी-सत्ती. फ्लॉपला राजा, अठ्ठी, दुर्री, त्यात किलवर एकही नाही. म्हणजे शेठच्या हातात काही म्हणता काही नाही. पुढचे दोघे चेक म्हणाले. शेठनी कोकमाचा ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे अर्ध्या पॉटएवढ्या (पॉट म्हणजे मधे जमलेला ढीग) चिप्स सरकवल्या. दोघांनी पानं टाकली. त्यातल्या एकाकडे दश्शीची जोडी होती, टाकताना चिडून उघडी केली म्हणून कळलं. अर्धा पॉट लावल्यावर तीनातून एकदा लोक पळाले तरी तुमचे पैसे सुटतात. पण दोघे थांबलेत हे शेठना आधी दिसलं म्हणून हात पुढे गेला. तीच नव्वी-सत्ती पहिल्या जागेवर असती तर त्यांनी ग्लास खाली ठेवलाही नसता.

ब्लाइंडवाल्यांचं थोडं उलटं असतं. फ्लॉपच्या आधी ते शेवटी बोलतात, नंतर मात्र सगळ्यांच्या आधी. त्यामुळे छोटा ब्लाइंड फसवा. अर्धे पैसे आधीच गेलेत म्हणून माणूस “बघू तरी” म्हणत कॉल करतो (बाकीच्यांइतक्या चिप्स भरतो) आणि पुढच्या तीन फेऱ्या आंधळ्यासारखा खेळतो. सात वर्षांत तिथून जितक्या चिप्स जाताना पाहिल्या तितक्या दुसऱ्या कुठूनच नाहीत.

किलवरची_राणी:
इस्पिकच्या गुलामा, मेंढीकोट खेळलायस ना? चौथ्या हाताला बसलेल्याने तिघांची पानं बघून दश्शी टाकायची की लपवायची ते ठरवायचं. आमची आजी चौथी आली की गालातल्या गालात हसायची. तेच हे.

आणि “पानं आली की खेळायचं” म्हणणाऱ्यांसाठी: अॅनेट ओब्रेस्टाड नावाची नॉर्वेची मुलगी. २००७ मध्ये १८० जणांची एक ऑनलाइन स्पर्धा तिने स्वतःची पानं झाकून खेळली. अख्ख्या स्पर्धेत एकदाच डोकावली, आणि जिंकली. स्पर्धा छोटी होती, नशिबाचा वाटा होताच, पण दाखवायचं होतं ते तिने दाखवलं. त्याच वर्षी लंडनला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धाही जिंकली, १० लाख पाउंड, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. (ऑनलाइन पैसे लावून हे करून बघायला जाऊ नका. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने आपल्याकडे ते बंद झालंय.)

इस्पिकचा_गुलाम:
आजीपुढे बोलायची टाप नाही. मागे घेतो.

गोदाकाठचा:
बोटीवरचे, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, “दादा लहानपणापासून असाच आहे.” येत्या शनिवारी बटण आणि ब्लाइंड दोन्ही सुरू करतो. मग खुर्ची कुठेही चालेल ना?

बोटीवरचा:
खुर्चीलाही किंमत आहे, पण दिशेमुळे नव्हे. तुमच्यात दर डावाला वाढवणारा कोणी असेल तर तो तुमच्या उजव्या हाताला हवा, म्हणजे बहुतेक वेळा तो आधी बोलेल आणि तुम्ही नंतर. घाबरून पानं टाकणारा डावीकडे असला तर उत्तम. बोटीवर मुरलेले लोक नेमकी तीच खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत उभे राहायचे. चार्जरचं म्हणाल तर एक्स्टेन्शन बोर्ड आणा, सहा मिसळींपेक्षा स्वस्त पडेल.

गोदाकाठचा:
शनिवारचा वृत्तांत. पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण बटण म्हणून ठेवलं. मेव्हणे म्हणाले, “वाटायचं काम माझंच, झाकण हवं तिकडे फिरवा.” पहिल्या जागेवर राजा-गुलाम आले, टाकले. हात शिवशिवत होते. पुढे बटणावर असताना एक्का-नव्वी आली, दोघे चेक म्हणाले, अर्धा पॉट लावला, दोघेही पळाले!

अकराच्या सुमारास झाकण गायब झालं. चटईखाली शोधलं, फरसाणाच्या डब्यात शोधलं. शेवटी मेव्हण्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं. ते म्हणतात, चुकून गेलं. मिसळ यावेळी मी दिली नाही, त्यांनीही नाही, शेजारच्या भाऊंनी दिली. ते बिचारे छोट्या ब्लाइंडवरून दर वेळी “बघू तरी” म्हणत होते.