मदत हवी आहे: हळदीचा अर्क, पनीर आणि योग्य संदर्भग्रंथ

नमस्कार मंडळी. सांगलीत एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करतेय. प्रोजेक्ट आहे हळदीच्या अर्काचा पनीरमधल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि बॅसिलस सेरियस या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जिवाणूंवर होणारा परिणाम. (सांगलीत राहून हळद सोडून दुसरं काय घेणार!)

फ्रेझियर-वेस्टहॉफ यांचं 'फूड मायक्रोबायोलॉजी' आणि जेम्स जे यांचं 'मॉडर्न फूड मायक्रोबायोलॉजी' वाचून झालंय. पाया पक्का होतो, बेंझोएट, सॉर्बेट, नायसिन या परिरक्षकांची माहितीही मिळते. पण वनस्पतिजन्य संयुगांवर मजकूर त्रोटकच. डेव्हिडसन वगैरेंनी संपादित केलेलं 'अँटिमायक्रोबियल्स इन फूड' सगळे सुचवतात, मात्र नवी प्रत माझ्या बजेटबाहेर आहे.

खरी अडचण पद्धतीची आहे. कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य पिवळं संयुग) पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमात) नीट पसरत नाही आणि वेल डिफ्युजनमधल्या झोनवर (अगारमधल्या खळग्यात अर्क घातल्यावर भोवती जिवाणू न वाढलेल्या भागावर) भरवसा ठेवता येत नाही. ब्रॉथ डायल्युशन (द्रव माध्यमात अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा घालून गढूळपणावरून वाढ बघणं) करायचं तर इथेनॉल किंवा डीएमएसओसारखं द्रावक लागतं, आणि नुसत्या द्रावकाचा कंट्रोल ठेवला तरी पिवळ्या रंगामुळे गढूळपणा वाचता येत नाही. शिवाय ब्रॉथमध्ये चाललेली मात्रा पनीरमध्ये पुरत नाही, कारण स्निग्धांश आणि प्रथिनं संयुग धरून ठेवतात. हे एका ओळीत सगळीकडे आहे; मात्रा कशी ठरवायची ते कुठेच सविस्तर नाही.

सुट्या शोधनिबंधांच्या लिंक नकोत, ते भरपूर जमलेत. सलग वाचता येईल असं पुस्तक हवंय. जुनी आवृत्ती चालेल, इंग्रजी चालेल. कोल्हापूरपर्यंत जाऊन ग्रंथालयात बसायचीही तयारी आहे.

तर प्रत्यक्ष अन्नपदार्थात अँटिमायक्रोबियल (सूक्ष्मजीवांची वाढ रोखणारे घटक) तपासण्याची पद्धत आकड्यांसह समजावणारं पुस्तक कोणतं, आणि 'अँटिमायक्रोबियल्स इन फूड'ची जुनी प्रत सांगली-कोल्हापुरात कुठे बसून वाचता येईल?