मदत हवी आहे: वाद्यांविना उपासना करणाऱ्यांचा युक्तिवाद समजून घ्यायचा आहे

सर्वांना नमस्कार. अमेरिकेतील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या ख्रिस्ती मंडळ्यांपैकी बहुतेकांत आजही उपासनेत केवळ कंठगायन होते. केंटकीतील मिडवे येथे १८६०च्या सुमारास मेलोडियन हे वाद्य आल्यानंतर उपासनेत वाद्ये असावीत की नाहीत हा वाद वाढत गेला आणि १९०६च्या धार्मिक जनगणनेत या मंडळ्या त्याच चळवळीतील ‘डिसायपल्स ऑफ क्राइस्ट’ या पंथापासून स्वतंत्रपणे नोंदल्या गेल्या, अर्थात या फुटीला मिशनरी संस्थांचा वाद आणि यादवी युद्धानंतरची कटुताही कारणीभूत होती.

वाद्ये न वापरणाऱ्यांचे म्हणणे असे की, बायबलमधील इफिसकरांस ५:१९ व कलस्सैकरांस ३:१६ येथे गाण्यास सांगितले आहे, वाद्यांची आज्ञा नव्या करारात कोठेही नाही, आणि जे सांगितलेले नाही ते उपासनेत आणू नये. स्तोत्र १५० मधील वाद्ये मंदिरातील यज्ञबलींबरोबरच मागे पडली, हे त्यांचे उत्तर मला बरेचसे पटते.

माझी अडचण पुढे आहे. गीतपुस्तक आणि सुरुवातीचा स्वर देणारी पिच पाइप ही केवळ ‘सोय’ म्हणून चालते, मग साथीचा ऑर्गन ‘भर’ का ठरतो? ही सीमारेषा कोणत्या तत्त्वावर आखली जाते? तसेच प्रकटीकरण ५:८ मधील स्वर्गीय उपासनेच्या दृश्यातल्या वीणांचा अर्थ ते कसा लावतात? अशा मंडळीत वाढलेल्या किंवा या विषयाचा अभ्यास केलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे. विरोधकांनी केलेल्या सारांशापेक्षा त्यांच्याच बाजूचे लेखन सुचवल्यास अधिक उपयोग होईल.