चप्पल मिलानला गेली, तुमच्या घरातून काय गेलं? (अनुभव धागा)

सुभाषनगरची लेक

परवा धाकट्या भावानं घरच्या ग्रुपवर बातमी टाकली. इटलीची प्राडा ही फॅशन कंपनी कोल्हापुरी चपलांचे 2,000 जोड महाराष्ट्रात आणि कर्नाटकात करून घेणार, एका जोडाची किंमत 800 युरोच्या आसपास. जून 2025 मध्ये याच कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखीच चप्पल पोरांच्या पायात घालून फिरवली होती आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. तेव्हा केवढा आरडाओरडा झाला ते सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. भावानं खाली एवढंच लिहिलं, "आई असती तर काय म्हणाली असती?"

आई वेणी विणायची. आमच्या गल्लीत पुरुष रापी आणि आरी घेऊन बसायचे, तळ कापायचे, कान लावायचे. पट्ट्यावरची बारीक वेणी मात्र बायकांकडं. कातड्याच्या भिजवलेल्या वाद्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि शेजारच्या काकूंशी बोलता बोलता बोटं चालूच. दिवे गेले तरी विणणं थांबत नसे. तिला पैसे डझनावर मिळायचे. दुकानात त्याच जोडाला काय भाव लागतो ते तिला ठाऊक होतं, बोलायची नाही.

वडिलांनी भावाच्या हातात रापी कधी दिली नाही. "तू शिक" एवढंच. शाळेत आमचं आडनाव ऐकून पोरं नाकाला हात लावायची, ते घरी येऊन आम्ही सांगितलं नव्हतं तरी त्यांना कळलं होतं. आज कुणी "परंपरा जपली पाहिजे" म्हणालं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुणी जपायची? बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमवायचं म्हणजे आठवडे जातात, त्या वासात बसावं लागतं. महाद्वार रोडवर रेक्झिनची चप्पल त्याच नावानं निम्म्याहून कमी पैशात मिळते आणि पर्यटक हौसेनं घेऊन जातात. 2019 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. कागद झाला, आनंद आहे. पण आमच्या गल्लीत वेणी विणणाऱ्या आता हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील.

तुमच्या घरातलं, पेठेतलं, शेतातलं काय जगाच्या बाजारात गेलं? काय बदललं? काही उलट टिकलं, वाढलं असेल तर तेही लिहा. मला खरंच ऐकायचं आहे.

मंगळवारपेठ

ताई वाचून गलबलून आलं. आमच्याकडं गेलं काही नाही, आलंय! फुटबॉल. साहेबांचा खेळ, पण आपल्याकडं तो तालमींनी उचलला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, ही नावं बाहेरच्याला सांगितली तर म्हणतो तालमीत कुस्ती असते ना. व्हय बाबा, पण शाहू स्टेडियमवर संघ तालमीचाच उतरतो. 2022 ला कतारचा वर्ल्ड कप होता तेव्हा आमच्या चौकात मेस्सीचा एवढा मोठा कटआऊट, पलीकडच्या गल्लीत नेमारचा. अर्जेंटिना जिंकली त्या रात्री आजी गॅलरीत उभी राहून विचारत होती, आपली कुठली तालीम जिंकली?

उत्तरेश्वर

😂 आज्जींना सांगा निळ्या पांढऱ्या पट्ट्यांची.

गुळव्याचा नातू

मोबाईलवर लिहितोय, चुका समजून घ्या.

आमचं गुऱ्हाळ होतं, करवीर तालुक्यात. आजोबा गुळव्या, पंचक्रोशीत नाव. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे ते फेसावरून आणि वासावरून सांगायचे. चुलवाणात जळण घालणारा वेगळा, त्याला चुलव्या म्हणतात, पण हुकूम आजोबांचा. मळी काढायला रानभेंडीचा चिक. रात्री उशिरा काहील उतरली की आम्ही पोरं वाटी घेऊन काकवीला उभी.

मग बाजारानं पिवळाधमक गूळ मागायला सुरुवात केली. आपला गूळ मोठ्या प्रमाणात गुजरातला जातो, तिथं रंग बघून भाव. मग रंग उजळायला हायड्रॉस नावाचं केमिकल आलं. आजोबांना ते अजिबात पटत नव्हतं. पण शाहू मार्केट यार्डात काळपट रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, कुणी विचारीना तेव्हा वडिलांनी टाकायला सुरुवात केली. आजोबा त्या हंगामापासून काहिलीजवळ आले नाहीत. घरात बसून राहायचे. ते मला आजही बघवत नाही.

आता काय चाललंय बघा. लंडन, दुबईच्या दुकानात लोक काळपट गूळ शोधतात, केमिकल नको म्हणतात. म्हणजे आजोबांचाच गूळ! पण तोवर आमचं गुऱ्हाळ बंद. गुळव्या मिळत नाही, मजूर मिळत नाहीत, ऊस कारखान्याला घालवला की डोक्याचा ताप नाही. कोल्हापुरी गुळालाही जीआय आहे. मी नोकरी करतो पण चुलत भाऊ आणि मी मिळून परत चालू करायचं बघतोय, रानभेंडी लावलीय बांधाला. कुणाकडं जुना जाणता गुळव्या असेल तर कळवा, मानानं ठेवू.

आजरा घनसाळ

दादा करा चालू, पहिली ढेप माझी. आमच्या घनसाळ भातालाही 2016 ला मानांकन मिळालं, तेव्हापासून पुण्यामुंबईची माणसं विचारत येतात. पीक कमी येतं, पडतंही लवकर, म्हणून शेजारी सगळे संकरितकडं गेले होते. त्यातले दोघं परत घनसाळ लावायला लागलेत. वास आला की रस्त्यावरून कळतंय कुणाच्या घरात शिजतोय. बाकी सविस्तर रात्री लिहिते, पोरांचे डबे व्हायचेत.

शिरोली शिफ्ट

सगळे हळहळताय म्हणून वेगळं लिहितो, राग मानू नका.

मी फाउंड्रीत आहे. आम्ही ओततो ते कास्टिंग जर्मनीला, अमेरिकेला जातं. बाबा शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी 1906 ला काढलेली मिल, 2003 ला बंद पडली. बाबा त्यानंतर कुठंच रमले नाहीत. मला या फाउंड्रीनं घर दिलं, पोरीचं इंजिनिअरिंग दिलं. बाहेरची ऑर्डर आली की ओव्हरटाइम, 2008 ला तिकडं मंदी आली तेव्हा इकडं आमच्या शिफ्टा कमी झाल्या. कुठल्या तरी देशातल्या बँका बुडाल्या आणि आमच्या घरी दूध निम्मं झालं, हे त्या वेळी डोक्यातच शिरत नव्हतं. पण तरी म्हणतो, दार बंद करून भागणार नाही. उद्यमनगरात पूर्वी ऑइल इंजिनं बनायची तीसुद्धा बाहेरचंच यंत्र बघून शिकलेली माणसं. आपल्या लोकांना शिकायची अक्कल आहे. भाव मिळत नाही हे दुखणं आहे.

सुभाषनगरची लेक

शिरोलीचे दादा, राग कसला. तुमचं शेवटचं वाक्य माझ्या मनातलं आहे. आई वेणी विणायला कंटाळली नव्हती, तिला पैसे पुरत नव्हते. आणि मान नव्हता. सत्तरच्या दशकात हिप्पी लोकांनी कोल्हापुरी उचलली तेव्हा खूप माल परदेशी गेला, आमच्या गल्लीत अजून त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात. रात्र रात्र काम. ती लाट ओसरली तेव्हा तयार माल घरात पडून राहिला, आणि ज्यांनी कातडं उधारीवर आणलं होतं त्यांनाच ती झळ बसली. म्हणून या 2,000 जोडांचा आनंद होतो तसं पोटात कालवतंही. करारात कारागिरांना प्रशिक्षण आहे म्हणतात. ते पोरींपर्यंत पोचलं तर फार बरं होईल.

दुबईकर कोल्हापुरी

इथं सगळे बोलतायत आणि मला चटणीची आठवण येतेय. आईनं मेमध्ये केलेली चटणी संपत आली. बॅगेत घट्ट बांधून आणलेली, तरी कपड्यांना वास लागलाच. इथल्या सुपरमार्केटमध्ये "कोल्हापुरी" म्हणून जे पाकीट मिळतं त्यात कांदाही लागत नाही, लसूणही लागत नाही, नुसतं तिखट. आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी उपाशी आहे.

राजारामपुरी

अगं तिखट म्हणजे कोल्हापुरी असं जगानं ठरवून टाकलंय. देशभरच्या हॉटेलात "व्हेज कोल्हापुरी" मिळतं, ते आपल्या कुठल्या घरात शिजतं सांग बरं? आपल्या रश्श्याला खोबरं, तीळ, खसखस लागते, पांढऱ्यात तर तिखटाला जागाच नाही. पाहुण्यांना पांढरा रस्सा वाढला की ते वाटीकडं बघत बसतात.

गडहिंग्लज

चटणीचा विषय निघाला म्हणून. जवारी संकेश्वरी मिरची आता शोधावी लागते. आमच्या बाजारात पूर्वी ढीग असायचे. आता ब्याडगीवर भागवतात. रंग येतो पण आमच्या आईच्या मते चव अर्धी. जवारीला तोडायला माणूस लागतं, रोग लवकर पडतो, बियाणं घरात राखणाऱ्या बाया गेल्या. मी एका मावशींकडून मूठभर बी आणलंय, परसात लावलंय.

दुबईकर कोल्हापुरी

गडहिंग्लज दादा, किंवा ताई, आली मिरची तर आईला थोडी द्याल का? पैसे पाठवते.

गडहिंग्लज

ताईच आहे. पैशाचं काय घेऊन बसलीस, धर आधी.

लाल माती

कुस्तीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

खासबाग कुस्ती मैदान 1912 चं. शाहू महाराज 1902 ला एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, वाटेत रोमचं जुनं मैदान बघितलं आणि तसं आपल्याकडं पाहिजे म्हणून हे बांधलं असं सांगतात. कल्पना रोमची आणि हौदा लाल मातीचा. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली माती. मी पहाटे गंगावेस तालमीत जायचो. शेजारीच दूध कट्टा, समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध. मेहनत झाली की तिथं.

आता पोरांना मॅटवर शिकवावं लागतं, नाही तर बाहेर टिकत नाहीत. खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे. 1948 ला लंडनला सहावे आले, सवय मातीची आणि कुस्ती मॅटवर. 1952 ला हेलसिंकीला ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्या वेळी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. म्हणून मला मॅटचा राग नाही. वस्ताद म्हणायचे, माती अंगाला दम देते आणि मॅट वेग देते, दोन्ही घ्या. पण माती मळणारं माणूस ठेवायला तालमीकडं पैसे नसतात. वर्गणीला गेलं की दुकानदार गणपतीत देतो म्हणतात.

मंगळवारपेठ

वस्ताद बरोबर बोलले. लाल माती, कुठल्या साली होता गंगावेसला? माझे मामा पण तिथंच.

लाल माती

व्यनि (खासगी निरोप) करतो भावा.

गुजरीतून

थोडक्यात लिहितो, दुकानात आहे. साज, आपला गळ्यातला दागिना. एकवीस पानं, त्यात दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची, एक डोरल्याचं. पूर्वी बायका पान हातात घेऊन विचारायच्या, हा मासा कुठाय, कासव कुठाय. आता मोबाईलवर फोटो दाखवतात, असंच पाहिजे, आणि फोटोत साडेतीन पानं आणि मध्ये हृदय. करून देतो, पोट आहे. पण कुणी नवी नवरी जुन्या पद्धतीचा मागायला आली की मी स्वतः बसून एकेक पान समजावून सांगतो. गिऱ्हाईक आलं, नंतर.

पुण्यातून

धागा वाचून खरी कोल्हापुरी घ्यावीशी वाटली. लेक, ओळखायची कशी? महाद्वारला सगळ्या सारख्याच दिसतात.

सुभाषनगरची लेक

उलटी करून बघा. खिळा दिसला, नुसतं चिकटवलेलं दिसलं की ठेवून द्या. आपली चप्पल कातड्याच्याच वादीनं शिवलेली असते. रंग नैसर्गिक तांबूस, वास झाडाच्या सालीचा, रबराचा नाही. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते, रात्री तेल पाजून ठेवा, मग पायाची होते. करकरणारी हवी असेल तर आधी सांगावं लागतं. आणि दुकानात जाण्याआधी जमलं तर सुभाषनगरात किंवा जवाहरनगरात थेट करणाऱ्यांकडं जा, पैसे त्यांच्या हातात पडतात.

पुण्यातून

करकरणारीच हवी! आजोबांची होती तशी. रविवारी येऊ का? सोबत माझी सासू आहे, तिच्या पायाला माप मिळत नाही कुठं.

सुभाषनगरची लेक

रविवारी बरेच जण बंद ठेवतात, शनिवारी या. सासूबाईंना नेणं जमलं नाही तर पाय कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलनं आखून आणा, दोन्ही पाय वेगवेगळे. भावाला सांगून ठेवते, तो सोबत येईल.