डेंग्यूत ताप उतरला की सुटलो, असं लिहिणाऱ्यांना उत्तर

सिडकोकर: काल इथे कुणीतरी पोस्ट टाकली, डेंग्यू झाला तर पपईच्या पानांचा रस घ्या, प्लेटलेट दोन दिवसांत डबल, ताप उतरला की कामावर जा, अ‍ॅडमिट होणं म्हणजे लुबाडणूक. वाचून डोकंच सणकलं. माझ्या वहिनीचा ताप पाचव्या दिवशी उतरला, घरात सगळे खूश, आणि संध्याकाळी पोटात जोराचं दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. पेज भरवताना हात धरला तर बर्फासारखा गार, आणि ती म्हणते मला नुसतं झोपू दे. डॉक्टरांनी प्लेटलेटच्या आधी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण बघितलं, तो वर चढलेला, म्हणजे रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपत होतं. मोजूनमापून सलाईन दिलं म्हणून वाचली. ताप उतरतो तेच दिवस धोक्याचे असतात हो!

गंगापूररोड काका: वहिनी बऱ्या झाल्या, आनंद आहे. पण रसाला नावं ठेवू नका. माझ्या मुलीच्या प्लेटलेट 40 हजारांवरून लाखाच्या वर गेल्या, रसानेच. आणि हॉस्पिटलवाले मेडिक्लेम आहे का तेच आधी विचारतात, हे खोटं आहे का?

पाथर्डी फाटा: काका, बरं व्हायला लागलं की प्लेटलेट आपोआपच वाढतात, रस पिऊन किंवा न पिता. बिलाचं म्हणणं मात्र मान्य. आमच्याकडे रक्तस्राव नाही, आकडा 50 हजारांचा, तरी रात्री प्लेटलेटची पिशवी आणायला पळवलं. रक्तस्राव नसेल तर साधारण 10 हजारांच्या खाली गेल्याशिवाय देत नाहीत, हे नंतर कळलं. ग्रुपवर ‘अर्जंट डोनर हवा’ टाकून सगळ्यांना घाबरवायचं आधी बंद करा.

सातपूरची ताई: मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, ड्रम भरून ठेवावेच लागतात आणि डास तिथेच होतात. महापालिकेची धुराची गाडी येते, फोटो काढते, जाते.

गंगापूररोड काका: धुराने फक्त उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. ड्रम झाका की! आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवायचा दिवस, पाळायला कुणी अडवलंय?

सातपूरची ताई: मोठ्या बंगल्यात राहून सांगणं सोपं आहे काका. कोरडा दिवस पाळला आणि दुसऱ्या दिवशी नळ आलाच नाही तर पोरांना काय पाजू? तुमच्याकडे कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, कारंजं कोण बघतं? आरोग्यसेविका दारात आली की वॉचमनच परत पाठवतो तिला, मी स्वतः पाहिलंय.

गंगापूररोड काका: वैयक्तिक बोलू नका!

पाथर्डी फाटा: ताईंचं बरोबर आहे. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या खड्ड्यात अळ्या वळवळत होत्या, आणि मीटिंगमध्ये भांडण काय तर पार्किंगचं. अन् नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी ड्रमच्या भिंतीला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पुन्हा पाणी भरलं की अळ्या तयार. ब्रशने घासावंच लागतं. आणि हा डास दिवसा चावतो, रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही.

सिडकोकर: पाण्याचं भांडण रास्तच आहे, त्याचा वेगळा धागा काढा, मी पण लिहीन. पण आज ज्यांच्या घरी पेशंट आहे ते हे वाचतायत. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरीन आणू नका, रक्तस्राव वाढतो. डेंग्यूसाठी रक्ताची एनएस१ चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत, नंतर आयजीएम चाचणी. एनएस१ निगेटिव्ह आला म्हणून डेंग्यू नाहीच असं धरून बसू नका. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, बेचैनी, लघवी कमी, यातलं एक जरी दिसलं तरी रात्री दोन वाजता पण निघायचं. आणि ज्याला एकदा होऊन गेलाय त्याने जास्त सांभाळा, विषाणूचे 4 प्रकार आहेत, दुसऱ्या प्रकाराने पुन्हा झाला तर जास्त बळावू शकतो.

गंगापूररोड काका: रस बंद करणार नाही, आधीच सांगतो. पण मुलीला दोन वर्षांपूर्वी होऊन गेलाय आणि आता पुतण्याला ताप आहे, दोघं एकाच घरात. हिमॅटोक्रिट रोजच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीत येतो की वेगळा सांगावा लागतो?

सिडकोकर: सीबीसीतच येतो काका, पीसीव्ही किंवा एचसीटी लिहिलेलं असतं. रोज एकाच लॅबमधून करा, आणि मुलीला दिवसा पण पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांगा. पुतण्याला कितवा दिवस आहे?