स्त्रियांचं आरोग्य आणि ध्यान : आधार, उपचार की टाळाटाळ?

शब्दसई (धागाकर्ती)
पाळीआधीची चिडचिड असो, बाळंतपणानंतरचं खचलेपण असो की रजोनिवृत्तीतले हॉट फ्लशेस (अंगात अचानक उसळणाऱ्या उष्णतेच्या लाटा), बाईला "ध्यान कर, बरं वाटेल" हा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. ध्यानाने त्रासाचा जाच कमी होतो, मूळ जात नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११० स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला अमेरिकी ध्यानशिक्षक जॉन कबात-झिन यांचा आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस (चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा) अभ्यासक्रम दिला, दुसरा प्रतीक्षायादीत ठेवला. फ्लशेसच्या तीव्रतेत दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. पण त्यांचा जाच, झोप आणि चिंता यांत दिसला. हा फरक मला मोलाचा वाटतो.

सुरुवातीला रोज १० मिनिटं पुरे. खुर्चीत टेकून बसा, तळपाय जमिनीवर. पहिली ५ मिनिटं ४ आकडे मोजत श्वास आत, ६ आकडे मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण ६ श्वास. मग मोजणं सोडा, श्वास आपोआप चालू द्या, लक्ष पोटाच्या हालचालीवर ठेवा. मन भटकणारच. ते भटकलं हे कळणं आणि परत आणणं हाच अभ्यास. फ्लश आला की उष्णता छातीतून मानेकडे, चेहऱ्याकडे कशी चढते ते पाहा, आणि "सगळे माझ्याकडेच बघतायत" हा विचार त्यापासून वेगळा ओळखा. लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते.

कातळफूल
मुद्दा पटला नाही. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ च्या निवेदनात, हॉर्मोन्स न वापरता फ्लशेस कमी करण्यासाठी सीबीटी (विचार-वर्तन बदलणारी समुपदेशन पद्धती) आणि क्लिनिकल हिप्नोसिस (तज्ज्ञाकडून संमोहन) यांची शिफारस केली. माइंडफुलनेसची नाही, संथ श्वसनाचीही नाही. मग आठ आठवडे कशासाठी घालवायचे?

आणि मूळ दुखणं बाजूलाच राहतं. धडधड, थकवा, चिडचिड, झोप मोडणं ही चिंतेची लक्षणं आहेत, तशीच रक्तक्षयाची आणि थायरॉइडचीही. हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं तरी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तळाला गेलेलं असू शकतं. प्रसूतीनंतरच्या वर्षात थायरॉइडला सूज येऊन आधी धडधड आणि मग मरगळ येते, घरचे म्हणतात, "मन शांत ठेव." सलग दोन तास दर तासाला पॅड भिजत असेल, तर त्या बाईला आसनाची नव्हे, डॉक्टरची गरज आहे. एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) निदान वर्षानुवर्षं लांबतं, कारण पाळीचं दुखणं "सोसायचंच" मानलं जातं. त्यात सोसायला शिकवणारी आणखी एक गोष्ट कशाला?

निरभ्र
कातळफूल, तपासण्यांबद्दल १००% मान्य. पण तुम्ही सगळी चर्चा फ्लशेसवर तोलताय. नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं आणि ते बरं होऊनही पुन्हा येतं. तिथे माइंडफुलनेसवर आधारलेली संज्ञानात्मक उपचारपद्धती, म्हणजे एमबीसीटी, टिकून आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी ती २००४ पासूनच सुचवली आहे. २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर माफक पण खरा परिणाम दिसला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस आहे, असं मात्र दिसलं नाही. "माफक" म्हणजे "शून्य" नव्हे.

मंदश्वास
दोन्ही बाजू परिणामावर भांडताहेत, ध्यान कसं शिकवलं जातं यावर कुणी बोलत नाही. बिघडतं ते तिथेच.

"खोल श्वास घ्या" म्हटलं की बायका भराभर मोठे श्वास घेतात. कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, ओठ आणि बोटं मुंग्यांनी भरतात, चक्कर येते, आणि घाबरलेली बाई आणखी घाबरते. श्वास मोठा नको, संथ हवा. उच्छ्वास लांबवायचा, छाती फुगवायची नाही.

गरोदरपणात २० आठवड्यांनंतर शवासनात उताणं झोपवू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन भोवळ येते. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपवा. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, पूर्ण वर्ज्य.

सगळ्यात नाजूक प्रसंग अत्याचार किंवा भीषण प्रसूती सोसलेल्या स्त्रीचा. डोळे मिटून "आता ओटीपोटाकडे लक्ष न्या" म्हटल्यावर तिला जुना प्रसंग जसाच्या तसा जाणवू शकतो, किंवा अंग बधिर होतं. तिथे डोळे उघडे, नजर समोरच्या एका वस्तूवर, लक्ष तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर, वेळ २-३ मिनिटं. "थांबावंसं वाटलं तर थांबा" हे आधीच सांगायचं. त्रास वाढत असताना "टिकून राहा" म्हणणारा शिक्षक धोकादायक आहे.

निरभ्र
+१. झोपेबद्दल एक भर: अंथरुणात पडून झोप यावी म्हणून ध्यान केलं की झोप आली का, याचीच तपासणी सुरू होते. ते संध्याकाळी, खुर्चीत करा.

शब्दसई
पाळीआधीच्या त्रासासाठी आधी नोंद ठेवा. सलग दोन पाळीचक्रं, रोज रात्री, मनःस्थिती, झोप आणि दुखणं यांना १ ते ६ गुण. त्रास पाळीआधीच्या आठवड्यात उसळून पाळी आल्यावर काही दिवसांत ओसरत असेल आणि कामं, नाती अडत असतील, तर पीएमडीडीची (पाळीआधीच्या मानसिक त्रासाचा तीव्र प्रकार) शक्यता तपासून घ्यावी. त्यावर औषधं आहेत. महिनाभर सारखाच त्रास असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. ध्यान दोन्हीकडे चालेल, नोंदवहीच्या जागी नाही.

कातळफूल
नोंदवही मान्य. तरी माझा आक्षेप कायम आहे. कबात-झिन यांच्या मूळ अभ्यासक्रमात घरी रोज सुमारे ४५ मिनिटं सराव अपेक्षित असतो. तान्हं बाळ असलेल्या बाईला एवढा वेळ कोण देणार, बाळ कोण घेणार? ते न सांगता "ध्यान कर" म्हणणं म्हणजे तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम, आणि जमलं नाही की अपराधीपणाही तिचाच.

मंदश्वास
हा प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे: बाळ पाजताना खांदे सैल सोडून दहा संथ उच्छ्वास, वेगळी बैठक नाही. उरलेलं अर्धं काम घरच्यांचं. आणि वर्ग घेणाऱ्यांनी बाळंतिणीला प्रवेश देताना एडिनबरा प्रश्नावली (बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारी) भरून घ्यावी. १० प्रश्न आहेत, पाच मिनिटं लागतात. बेरीज १३ किंवा जास्त आली, तर आधी डॉक्टरकडे पाठवावं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला "कधीच नाही" सोडून दुसरं कोणतंही उत्तर असेल, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी.